बांगड्या वाढवा

कासारणीने ओसरीवर टोपली उतरवली आणि ताईबाई हातातलं लाटणं सोडून दारात आली. नेमकी आजच कशी उपटली ही? मग कळलं, घरच्या एल्साबाईंनीच बोलावणं धाडलं होतं.

देवपुरातली ती गल्ली एरवीही शांतच. पांझरा नदीपलीकडे धुळ्याचा बाजार कितीही कलकलला तरी या बाजूला वकील-प्रोफेसरांचे बंगले आणि मेंदीची कुंपणं. पण आजची शांतता वेगळी होती. शेजारच्या वकिलांच्या शेवंताबाई सकाळपासून अंगणात फिरकल्या नव्हत्या. समोरच्यांनी रेडिओ लावला नव्हता. दूधवाला निंबा मान खाली घालून दूध ओतून गेला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या एल्साबाईंना.

विहिरी खोदायचं यंत्र घेऊन त्यांचा नवरा सातपुड्याच्या पायथ्याशी गेला होता. काल दुपारी सुरुंग वेळेआधीच उडाला आणि साहेब जागच्या जागी गेला. निरोप वकिलांकडे आला. वकिलांनी एल्साबाईंच्या स्वयंपाकणीला, म्हणजे ताईबाईला, बजावलं, "मुंबईहून कंपनीचे साहेब येतायत. काय ते तेच सांगतील. तोवर तू ब्र काढायचा नाही." बजावायला काय जातं? सकाळी त्याच बाईंपुढे चहाचा कप ठेवणं वकिलांच्या वाट्याला थोडंच आलं होतं.

इंग्रज जाऊन सात वर्षं झाली तरी गल्ली एल्साबाईंना मडमच म्हणे. त्या होत्या जर्मन, आणि मराठी शिकायची त्यांना भारी हौस. म्हणून ताईबाई गावची बोली बाजूला ठेवून त्यांच्याशी शाळेतल्यासारखं बोलायची. पोळी वाढली की ताटात भर पडते, मूल वाढतं, झाड वाढतं, एवढं बाईंना पक्कं झालं होतं.

संक्रांतीला शेवंताबाईंनी भरवलेल्या हिरव्या बांगड्या अजून त्यांच्या हातात होत्या. ते हात त्यांनी कासारणीपुढे धरले आणि हसून म्हणाल्या, "साहेब आज येणार. माझ्या बांगड्या वाढवा."

टोपलीत गेलेला कासारणीचा हात तिथेच थांबला.

एवढं एक शिकवायचं राहून गेलं होतं. बांगडी फुटली असं इकडे कोणी म्हणत नाही, अभद्र वाटतं. वाढली म्हणतात.

"काय बोली ऱ्हायनात बाई तुम्ही," कासारीण पुटपुटली. बाजारात तिच्याही कानावर आलं होतं. तिने ताईबाईला हळूच विचारलं, "हिले समजनं का वं?"

ताईबाईने नकारार्थी मान हलवली.

"वाढवा ना," बाई म्हणाल्या. "कोपरापर्यंत."

"मनाघाई हाई व्हवाव नही." आपल्या हातून हे व्हायचं नाही, असं म्हणत कासारणीने टोपलीवर फडकं टाकलं आणि ती उठली. जाता जाता तिची नजर ताईबाईच्या मनगटांवर गेली, आणि चटका बसल्यासारखी तिने ती काढून घेतली.

बाईंनी ते पाहिलं. रोज ताट वाढणारे ते हात त्यांनी जणू आजच पाहिले. मनगटं उघडी होती.

"ताईबाई, तुझ्या बांगड्या?"

काढून ठेवल्यात, म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण विधवेच्या तोंडात एकच शब्द बसलेला असतो. तो आपसूक आला.

"वाढल्या, बाई."

"वाढल्या?" बाई गोंधळल्या. "पण एकही नाही."

ताईबाईने मनगटं पाठीमागे नेली.

"कधी वाढल्या?"

"आमचे मालक गेले तेव्हा."

"कुठे गेले?"

ताईबाईने पदर तोंडाशी नेला. तिला आता वर बघवेना. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या मिटलेल्या खिडक्यांकडे, मग टोपली घेऊन जवळजवळ पळत सुटलेल्या कासारणीकडे.

फाटकाशी मोटार थांबली. दार उघडल्याचा आवाज आला.

एल्साबाई उठल्या नाहीत. त्यांनी एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट दाबून धरल्या, एकही वाजू नये म्हणून.