अठरा मीटर

“अठरा लिही,” नोंग सेन्योंग हळूच म्हणाला. “मी सही करतो. विषय संपला.”

“काटा एकतीसवर होता,” रोवेना म्हणाली.

“हळू बोल गं, दाय. शेजारी तपासणीवाल्यांची होडी उभी आहे.”

रोवेनाने होडीत बसून आपली बुड्यांची वही मांडीवर उघडी धरली होती. खोलीचा रकाना अजून कोरा होता. तासाभरापूर्वी सगळे पाण्याबाहेर आले, तेव्हा नोंग सेन्योंगने, म्हणजे सेन्योंगदादाने, होडीच्या बाजूच्या उलांडीवर उभं राहून नेहमीसारखं पुकारलं होतं: खोली अठरा मीटर, वेळ पन्नास मिनिटं. ह्या किनाऱ्यावरची रीतच ती. गाइड पुकारतो, नवशिके ओल्या बोटांनी लिहून घेतात, स्वतःच्या खोलीमापकाकडे कुणी बघत नाही.

रोवेनाने बघितलं होतं. मापकात एक तांबडा काटा असतो. सगळ्यात खोल आकड्यापर्यंत तो जातो आणि तिथेच थांबतो. माणूस वर आला तरी तो मागे येत नाही. ती तोंड उघडणार एवढ्यात नोंग सेन्योंगने सामान आवरायच्या निमित्ताने मापक तिच्या हातातून घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत काटा शून्यावर फिरवला. वर तिच्याकडे बघून हसला.

ते हसू तिला तासभर झोंबत होतं.

“एकतीसला आपण होतो किती वेळ? तीन मिनिटं, चार मिनिटं,” नोंग सेन्योंग म्हणाला. “बेकसाहेब कॅमेरा घेऊन एका माशामागे खाली निसटले. मी त्यांच्या मागे, तू आणि चेरिल माझ्या मागे. पाहुण्याला तिथेच सोडून यायचं होतं का?”

“ते मला नका सांगू. तक्त्याला सांगा.”

मनगटावर कॉम्प्युटर असला तर तो क्षणाक्षणाची खोली मोजत राहतो. असा कॉम्प्युटर नोंग सेन्योंगकडे होता, बेकसाहेबांकडे होता. नवशिक्यांकडे प्लास्टिकचा तक्ता. त्या तक्त्याला अधलंमधलं काही कळत नाही. तुम्ही जिथवर खोल गेलात तिथेच सगळा वेळ काढलात, असं तो धरून चालतो. अंगात किती नायट्रोजन साठला आणि पुन्हा कधी, किती वेळ उतरायचं, ते त्यावरून ठरवतो. नायट्रोजन जास्त साठला, तर वर येताना त्याचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो, मरतोही. अठरा धरलं, तर तक्ता म्हणत होता, तासाभराने खुशाल उतरा. एकतीस धरलं, तर आज पुन्हा पाण्यात पाय घालू नका.

“नवशिक्यांना अठराच्या खाली नेलं असं कुणाच्या वहीत सापडलं, तर माझा परवाना गेला,” नोंग सेन्योंग म्हणाला. “आणि माझ्या सहीशिवाय तुझी ही बुडी कोणी धरणार नाही. गाइड व्हायचंय ना?”

व्हायचं होतं. त्यासाठीच तर पावसाळाभर ती ह्याच्या दुकानात हवेच्या टाक्या भरत होती, पाहुण्यांचे खारे सूट धूत होती.

“सूट मी खरे धुतले,” ती म्हणाली. आवाज चढला होता आणि आता तिला त्याची फिकीर नव्हती. “टाक्या खऱ्या भरल्या. वही तेवढी खोटी लिहू? आणि माझा काटा तुम्ही फिरवलात कोणत्या हक्काने?”

“आल्या वकीलबाई!” वल्ह्यापाशी बसलेला इस्को नावाडी फिदीफिदी हसला.

“अगं, दुसरी बुडी मीच नेणार आहे. आठ मीटरवर, प्रवाळावर. तुम्ही माझ्या मागे. काय आभाळ कोसळणार आहे?” नोंग सेन्योंगने पेन तिच्यापुढे धरलं. “चेरिलकडून शीक जरा. माझी पोरगी, तुझ्याबरोबरच शिकली. मी अठरा म्हटलं, तिने अठरा लिहिलं. हूं की चूं नाही.”

रोवेनाने पेन घेतलं नाही. तासभर ती आपल्या सहीवरून, आपल्या अपमानावरून धुमसत होती. चेरिलच्या वहीचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

“नोंग, चेरिलने दुसरी बुडी कशावरून आखली?”

“तिला कशाला आखायला हवी? मी आहे ना...”

“आखली की,” इस्को म्हणाला. “पाटीवर सगळं मांडून मला दाखवलं. अठरा मीटर, अर्धा तास. तक्त्यात बरोब्बर बसतं म्हणाली. बेकसाहेबांना पुन्हा तोच मासा हवाय, त्यांना दिवा धरायला गेली. तुमचं इथे भांडण चाललेलं, म्हटलं कशाला मध्ये तोंड घाला.”

तरंगत्या बोयाजवळ एकच डोकं पाण्यावर दिसत होतं. बेकसाहेब आधीच खाली गेले होते.

“चेरिल!” नोंग सेन्योंग ओरडला. “थांब! उतरू नकोस!”

चेरिल वळली. बापाला काळजी वाटतेय, एवढंच तिला कळलं असावं. तिने पाटी उंच धरून दाखवली, मग मूठ डोक्यावर टेकवली: सगळं ठीक आहे. नळी तोंडात धरली आणि खाली जायला जाकिटातली हवा सोडण्यासाठी हात वर केला.

तपासणीवाले जेवता जेवता मान वर करून इकडेच बघत होते.

नोंग सेन्योंग होडीच्या टोकाला धावला. दोन्ही हात तोंडाशी धरून तो बेंबीच्या देठापासून ओरडला, “खोटं सांगितलं मी! एकतीस होतं, चेरिल! एकतीस!”