नव्वद मीटरखालची रेघ

चार वर्षांपूर्वी चिमूरजवळच्या या बोअरमध्ये भूपेशने पाणी शोधायचं यंत्र नव्वद मीटरपर्यंतच सोडलं होतं. उन्हाला कंटाळून आलेखातली खालच्या तीस मीटरची रेघ त्याने हातानेच ओढली आणि शेरा मारला: पाणी नाही.

"तुमी लिवलं, तवापासून आमची विहीर भी आटली, भाऊ," बोअरशेजारी उभी असलेली शेताची मालकीण रंभाबाई आज म्हणाली. 

या वेळी त्याने यंत्र तळापर्यंत सोडलं. नव्वदच्या खाली पडद्यावर त्याचीच खोटी रेघ उमटत गेली, वळणान् वळण तेच.

एकशे चारवर रेघेने झटका खाल्ला. त्या दिवशी रेघ ओढताना तिथेच त्याचा हात हलला होता. रंभाबाईने मागून 'पाणी घ्या, भाऊ' म्हणत लोटा पुढे केला होता.

"पाणी घ्या, भाऊ," मागून तोच आवाज आला.

रंभाबाई समोर उभी होती, रिकामी घागर घेऊन, तोंड मिटून.