पाच म्हणेपर्यंत

बॉल गोटीच्या हातात आला आणि ती जागच्या जागी थांबली. दोरीबाहेर उभ्या असलेल्या तिच्या बापाच्या जिवात जीव आला. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला होता, तो त्याने हळूच खाली घेतला.

हा लहान मुलींचा नेटबॉल होता. एका बाजूला पाचच जणी, मैदान निम्मं, रिंग बुटकी, बॉलही छोटा. समोरच्या मुलीने हातभर लांब राहायचं, अंगाला अंग लावायचं नाही. बॉल घेऊन पळायचं नाही, हे मात्र मोठ्यांच्या खेळासारखंच. बॉल मिळाला की उभं राहायचं आणि खेळाच्या बाईंनी पाच म्हणायच्या आत तो दुसरीकडे टाकायचा. नाही टाकला तर बॉल समोरच्यांना. मोठ्यांना तिनातच टाकावा लागतो. इथे तेवढी दया होती. गोल मोजायचे नाहीत, आणि आईबापांनी दोरीबाहेर तोंड मिटून उभं राहायचं. हा शेवटचा नियम बाईंनी दोनदा सांगितला होता, आणि दोन्ही वेळा गोटीच्या बापाकडे बघून.

मागच्या वर्षी गोटीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता तिला खुशाल पळू द्या, असं डॉक्टर म्हणाले, पण बापाला ते पटेना. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दुरुस्त केलेली लिफ्ट तो आधी रिकामी वरखाली फिरवायचा, मग स्वतः आत उभा राहायचा, आणि मगच लोकांना सोडायचा. मुलीला असं आधी रिकामं फिरवून बघता येत नाही, हे त्याचं खरं दुखणं होतं.

वर्षभर त्याने तिला जिनासुद्धा चढू दिला नाही, कडेवर घेऊन चढवली. शेवटी बायकोने मध्ये पडून तोड काढली. गोटी खेळेल आणि बाप बघेल. फारच भीती वाटली तर त्याने हात डोक्याच्या वर न्यायचा, की बाई तिला बाहेर काढतील. पण एकदा हात वर गेला की खेळ कायमचा बंद. मग रडारड चालणार नाही. गोटी लगेच हो म्हणाली. नाही म्हणायची सोय तरी कुठे होती तिला?

पहिल्या दोन फेऱ्या ती रिंगखाली आणि कोपऱ्यात होती. तिथे फारसं पळावं लागत नाही. तिला तिथेच राहू द्या, असं त्याने बाईंना सुचवून पाहिलं. पण दर फेरीला जागा बदलायच्या, हाही नियमच होता. एकीने गोल करायचे आणि दुसरीने नुसतं उभं राहायचं, हे बाईंना मंजूर नव्हतं. तिसऱ्या फेरीत गोटी मधल्या जागेवर आली. त्या जागेला मैदानभर पळायला मोकळीक असते.

ती पळाली. गाल लाल झाले, केस कपाळाला चिकटले. बापाला काळजी वाटत नव्हती, तो सरळ सरळ घाबरला होता. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं तेव्हा जसा घाबरला होता, अगदी तसाच. हात आपोआप वर जायला लागला.

तेवढ्यात पुन्हा बॉल तिच्याकडे आला. ती थांबली. बाई मोजू लागल्या. शेजारी दोन वेण्यांची मुलगी एकटी उभी राहून बॉल मागत होती, पण गोटी तिच्याकडे बघेना. तिने बॉल छातीशी धरला होता. पाच झाले, शिट्टी वाजली, बॉल समोरच्यांना गेला. दोन वेण्यांनी कमरेवर हात ठेवून गोटीला चार शब्द सुनावले.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. दोरीबाहेर कुणाच्या तरी आजोबांनी नियम मोडला आणि ही पोरगी बॉल उबवतेय की काय, असं ते पुटपुटले. लोक हसले. बाप हसला नाही. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. हिला दम लागलाय. सांगायची चोरी, म्हणून बॉल धरला की तेवढंच उभं राहायला मिळतं, असं करतेय. हातात बॉल घेऊन ती आता थेट त्याच्याकडेच बघत होती, डोळे मोठे करून. पोर मदत मागतेय आणि आपण इथे नियम पाळत उभे आहोत, हा विचार त्याला सहन होईना.

त्याने हात डोक्याच्या वर नेला.

बाईंनी शिट्टी दिली. गोटीने बॉल खाली ठेवला आणि पाय ओढत ती दोरीपाशी आली. बाप गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्या पाठीवर तळवा टेकला. ठोके नीट होते. श्वासही नीट होता.

"दम लागला होता ना? मग आधी का नाही सांगितलंस?"

"नव्हता लागला." गोटीचा खालचा ओठ बाहेर आला. "मी पळाले की तुझा हात वर यायचा. बॉल धरला की पळायचं नसतं. म्हणून तो खाली जाईपर्यंत मी थांबायचे."

मैदानात गोटीच्या बाजूला चारच जणी उरल्या होत्या. बाई शिट्टी तोंडाशी धरून त्याच्याकडे बघत होत्या.

"आत्ता तर मी उभीच होते, बाबा," गोटी म्हणाली. "मग आत्ता कशाला घाबरलास?"