सोळा गाड्यांची जागा

“अण्णा, टेप भिंतीला टेकवून धरा,” तेजस्विनी मॅडम म्हणाल्या.

चिमाजीअण्णांनी टेपचं टोक भिंतीपासून वीतभर पुढं धरलं होतं. जागा आखूड भरली तर त्यांना हवीच होती. मॅडम महापालिकेच्या इंजिनिअर, त्यांच्या नजरेतून काही सुटेना.

थेरगावातला हा मोकळा प्लॉट अण्णांचा. त्यावर जावयाचं, निरंजनरावांचं, लाउंज व्हायचं होतं. लाउंज म्हणजे रंगीत दिवे, नाचगाणी आणि दारू. बाकी कागद झाले होते. येणाऱ्यांच्या गाड्या आत मावतात का, एवढंच बघायचं राहिलं होतं.

अण्णांना ते लाउंज नको होतं. वीस वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान याच माणसानं बायाबापड्या गोळा करून बंद पाडलं होतं. आता त्यांच्याच जागेत ग्लास वाजणार म्हटल्यावर लोक तोंडावर रामराम घालून पाठीमागं काय म्हणतील, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

पण बोलायची सोय नव्हती. अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण घातलं, तेव्हा भरल्या पंगतीत जावई काही मागेचनात. मग अण्णांनीच मिशीवरून हात फिरवून जाहीर केलं, मागाल ते दिलं. निरंजनराव चाकणच्या कंपनीत साहेब. शिफ्ट आणि घर, तिसरी वाट ठाऊक नाही. फार तर घड्याळ मागतील, असं पंगतीला वाटलं. त्यांनी प्लॉट मागितला, तोही लाउंजसाठी. अण्णांच्या घशात अनारसा अडकला, तरी त्यांनी मान हलवली. जावयाला चारचौघांत दिलेला शब्द फिरवला, तर लेकीनं सासरी तोंड कसं दाखवायचं?

तरी अण्णा स्वस्थ बसले नव्हते. आठवड्यापूर्वी त्यांनी प्लॉटच्या मधोमध एक दगड आणून ठेवला. सुमनताईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, त्याला शेंदूर फासला. दुसऱ्या दिवशी गल्लीनं नारळ फोडला. चौथ्या दिवशी तर हा म्हसोबा पानिपताच्या आधीपासून इथंच आहे, असं सांगणारी दोन म्हातारी माणसं निघाली.

मॅडमनी चप्पल काढून देवाला हात जोडले आणि वहीत लिहिलं, देवाला दोन गाड्यांची जागा सोडली.

मग हिशेब झाला. साठ खुर्च्यांना सोळा गाड्यांची जागा लागत होती. देव वगळून भरली नेमकी सोळा गाड्यांची.

“बसतंय,” मॅडम म्हणाल्या. “आजच शिफारस करते.”

अण्णांनी म्हसोबाकडं असं पाहिलं, की शेंदूर उतरायचाच बाकी राहिला.

तेवढ्यात निरंजनराव पुढं आले. “साठ नाही मॅडम. मला दोनशे खुर्च्या पाहिजेत.”

मॅडमनी परोपरीनं समजावलं. साठवर सुरू करा, पुढं शेजारची जागा मिळाली तर वाढवा. जावई ढिम्म. त्यांनी मोबाइलवर नवा नकाशाच दाखवला. त्यात गच्चीवरही टेबलं होती. अण्णांनीही रीत म्हणून म्हटलं, जावईबापू, साठ काय थोड्या झाल्या? पण अगदी हळू म्हटलं, न जाणो ऐकलं तर.

“दोनशेला पन्नासच्या वर गाड्या होतात,” मॅडम वैतागून म्हणाल्या. “एवढी हाव बरी नाही, निरंजनराव. नामंजूर लिहू?”

“लिहा. दोनशेच्या खाली मी येत नाही.”

मॅडमनी लिहिलं, खाली जावयाची सही घेतली, स्कूटरला किक मारली आणि निघून गेल्या.

अण्णा कट्ट्यावर टेकले. धोंड्याच्या जेवणापासून कोंडलेला श्वास एकदम बाहेर पडला, समोरच्या लिंबाची चार पानं हलली म्हणतात. माणसानं हावरट असावं तर असं, त्यांच्या मनात आलं. शब्दही राहिला, अब्रूही राहिली. आता बिचाऱ्या जावयाची समजूत काढायला हवी, म्हणून पडेल चेहरा करून ते भिंतीपलीकडं गेले.

निरंजनराव पाठमोरे उभे राहून फोनवर बायकोशी बोलत होते.

“स्वरूपा, सुटलो गं एकदाचा. मला काहीच घ्यायचं नव्हतं, म्हणून मामा नाही म्हणतील असंच मागायला गेलो, तर त्यांनी देऊनच टाकलं. आता त्यांना वाईट वाटायला नको, चार दिवस तोंड पाडून हिंडतो.”