बारके डूल

निळ्या मण्यांच्या डुलांचा फोटो सकाळीच स्टेटसला टाकला, आणि तेव्हापासून मी सारखी फोन उचलून बघत होते, कुणी कुणी पाहिला. स्वतःच्या मनानं लग्न करून गेलेली आमची ऋजुता फोन करत नाही. तिच्या बाबांनी तसं बजावलंय. पण माझं स्टेटस रोज बघते. आज दुपार उलटली तरी तिचं नाव नव्हतं.

सुईत दोरा जाईना. मण्यांची डबीही लवंडली.

तेवढ्यात तिचा मेसेज आला. "आई, अगदी बारके डूल करशील? बाळाचे कान टोचायचेत."

मी वाचतच राहिले. हे मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"पितळेची तार वापरू नकोस, कोवळा कान चिघळेल," चपला शोधत हे म्हणाले. "सोन्याची आणतो."