उलटे बाण

बाण आजही उलटे फिरले होते. सकाळी सून कामाला निघाली तेव्हा खिडकीच्या गजांना बांधून विणायला घेतलेल्या निळ्या पट्ट्यावरचे पिवळे बाण गजांकडे तोंड करून सरळ चालले होते. संध्याकाळी येऊन बघते तो शेवटचं दोन बोटं विणकाम तोंड फिरवून तिच्याकडेच बघत होतं.

हे पत्त्यांवरचं विणकाम ती मोबाईलवर बघून एकटीच शिकत होती. खेळायच्या पत्त्यांना चार कोपऱ्यांत भोकं पाडायची, त्यांतून धागे ओवायचे, सगळी चवड एकदम पाव वळसा पुढे ढकलायची आणि आडवा धागा घालायचा. पुढे ढकललं की बाण पुढे जातात, मागे ओढलं की उलटतात. आधी तिला वाटलं, आदल्या रात्री आपलंच काहीतरी चुकलं असेल. तिने मुकाट्याने उसवलं. पण रोज तेच व्हायला लागलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली.

दिवसभर घरात माणसं दोनच. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेले सासरे, आप्पा, आणि त्यांच्याजवळ बसायला येणारी थोरली नणंद. आप्पा डाव्या हाताने कसेबसे जेवायचे, त्यांच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. राहिल्या वन्सं.

पट्टा नवीन होता तेव्हा याच वन्संनी विचारलं होतं, "कुणाच्या कमरेला गं हा? मांजरीच्या?" आता मात्र त्या पट्ट्याचं नाव काढत नसत. सून उसवायला बसली की ओठ दाबून हसत आणि चप्पल घालून घरी जात. खिडकीपाशी खुर्ची सरकलेली असे. सुनेच्या कातरीची जागा बदललेली असे. सून बघायची, गप्प बसायची, आणि उसवायची.

शेवटी तिने नवऱ्याला सांगून टाकलं. "उद्यापासून वन्संना येऊ नका म्हणणार आहे. आप्पांसाठी बाई ठेवू."

"एका पट्ट्यापायी माझी बहीण तोडतेस?"

"पट्ट्यापायी नाही. पाठीमागे हात चालतो आणि तोंडावर हसू असतं, त्यापायी."

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली. चपला दाराबाहेर काढल्या, किल्ली हलकेच फिरवली. काय बोलायचं ते वाटेत पाठ करून झालं होतं. आतून वन्संचा आवाज आला, "अजून. अजून थोडं."

तिने खोलीत डोकावलं.

खिडकीपाशी खुर्चीत आप्पा बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पत्त्यांच्या चवडीभोवती आवळली होती. कपाळ घामाने भिजलं होतं. हात थरथरत स्वतःकडे ओढला गेला, पत्ते वळले, आणि वन्संनी चटकन आडवा धागा घातला.

सून दारातच खिळली. "हे... तुम्ही करत होता?"

"म्हणजे काय?" वन्सं म्हणाल्या. "तुला माहीत नव्हतं? मग रोज उसवून कुणासाठी ठेवत होतीस?"

सून खुर्चीजवळ आली.

आप्पांनी मान वळवली. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड, पण डोळे मिस्कील होते.

"हात ओढतो गं, ढकलत नाही अजून," ते सावकाश म्हणाले. "म्हणून बाण उलटे. सकाळी बघायचो, तू उसवलेलं असायचं. म्हटलं, मास्तरीण कडक आहे. बोलत नाही, पण एक दिवस तपासायचं सोडत नाही."

दम घेऊन ते पुन्हा चवडीवर बोटं आवळू लागले.

"बाकी सगळ्यांनी या हाताचा नाद सोडला, पोरी. आजचंही उसव."