विरोधात एक

चिटणिसाचा हिशेब सरळ होता. शेतकरी संघटनेच्या सभेला साठ सभासद हजर दिसले, तर वरचा संघ टोमॅटोची प्रतवारी करणारं यंत्र देणार. यंत्र आलं की लहान-मोठा माल वेगळा होणार आणि सगळ्या क्रेटला सर्वांत बारक्या टोमॅटोचा भाव लावायची व्यापाऱ्याची सोय संपणार. शिवाय, "तुमची संघटना म्हणजे तुम्ही आणि तुमची सायकल," हे बायकोचं दहा वर्षांपासूनचं वाक्य बंद होणार. हा फायदा त्याने कुणाला सांगितला नव्हता, पण मनातल्या खात्यात तोच सर्वांत वर होता.

त्यापायी तो तीन आठवडे दारोदार फिरला. एकाची विहिरीवरची मोटार खोलून दुरुस्त करून दिली, एकाच्या मुलीचा कॉलेजचा अर्ज भरला, एकाचं भावकीतलं भांडण दोन तास ऐकलं. "यंत्र संघटनेच्या खोलीतच बसणार, नंबराप्रमाणे पाळी," हे प्रत्येक उंबऱ्यावर सांगून त्याचा घसा बसला. सगळे म्हणाले, "येतो की!" येतो की म्हणणारा माणूस येत नाही, एवढं शिक्षण त्याचं झालेलं होतं. मग त्याने हजेरीवहीच पिशवीत घातली आणि सह्या दारातच उरकल्या. छप्पन्न झाल्या. उरलेले चार कुठेही मिळाले असते.

सभेच्या दिवशी चारच आले: तो स्वतः, हमरस्त्यावर मोठी शेड असलेले अण्णा, अण्णांचा धाकटा भाऊ, आणि तोडणी अर्धी टाकून आलेली चिटणिसाची वहिनी.

वरच्या संघाच्या अधिकाऱ्याने वही पाहिली, मग मांडलेल्या खुर्च्या पाहिल्या.

"बाकीचे?"

"आत्ता इथेच होते साहेब. शेतावर... म्हणजे, येतीलच."

"असू द्या. वही बोलते तेवढंच मी ऐकतो. मला बाराला पुढची सभा आहे."

यंत्र मंजूर झालं. चिटणिसाचा जीव भांड्यात पडतोय तोच अण्णा उठले.

"यंत्राला थ्री फेज लागते. या खोलीत पंखा फिरायची मारामार. माझ्या शेडमध्ये लाइन आहे, जागा आहे, भाडंही नको. यंत्र तिकडे बसवावं असा ठराव मांडतो."

"अनुमोदन," धाकटा म्हणाला. अण्णांचं तोंड अजून मिटायचं होतं.

"लाइन इथंही ओढता येते," वहिनी म्हणाली. "आठवड्याचं काम. अण्णा, तुमचा माल एकदा यंत्रावर चढला की चार दिवस उतरत नाही. तोवर माझ्या टोमॅटोंना बोट लावलं तर बोट आत जाईल."

"तुमचे दहा क्रेट, वहिनी. मध्येच कुठेतरी घालून टाकू की."

"तुमचं मध्येच म्हणजे शेवटीच."

या संघटनेत मतदानाची एक जुनी रीत होती. ज्याला ठराव नको त्यानेच हात वर करायचा. जो गप्प बसला तो बाजूने. वेळ वाचतो, आणि शेजारधर्मही.

"विरोधात कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

वहिनीचा हात वर गेला. अधिकाऱ्याने साठातून एक वजा करायला पेन टेकवलं.

"अहो, पण खोलीत माणसं किती आहेत?" ती म्हणाली. "भाऊजी, सांगा ना यांना. दारोदार काय शब्द देत फिरलात, तेही सांगा."

अधिकाऱ्याने पेन उचललं. "काय हो चिटणीस? वही खोटी आहे का? असेल तर आत्ताच बोला. मग सभा रद्द आणि यंत्रही रद्द."

अण्णा न फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. चिटणिसाने तोंड उघडलं. यंत्र त्याला दिसत होतं, वहिनीही दिसत होती. त्याने तोंड मिटलं. हात गुडघ्यावरच राहिला.

"बाजूने एकोणसाठ, विरोधात एक. ठराव मंजूर."

अधिकारी अण्णांच्या गाडीतून गेला. चिटणीस आणि वहिनी खुर्च्या आवरत होते, तेवढ्यात चिटणिसाचा फोन वाजला. ज्याची मोटार दुरुस्त करून दिली होती तो सभासद होता.

"झाली का मीटिंग? आमच्यावाचून काही अडलं नाही ना?"

"छे. उलट तुमच्याच मतावर पार पडली. यंत्र अण्णांच्या शेडमध्ये."

"आँ? आणि कुणी काही बोललं नाही?"

"तुम्ही बोलला नाहीत," चिटणीस म्हणाला आणि फोन ठेवला.

वहिनीने शेवटची खुर्ची भिंतीला लावली, पदराने हात पुसले.

"भाऊजी, पुढच्या सभेला माझीही सही दारातच घेऊन जा," ती म्हणाली. "निदान तोडणी तरी पुरी होईल."

ती गेल्यावर तो इतिवृत्त लिहायला बसला. अण्णांना यंत्र मिळालं, अधिकाऱ्याला कागद, छप्पन्न जणांना मोकळी सकाळ. या सगळ्याची किंमत वहिनीने दहा क्रेटांनी भरली. आणि संघटनेने ती भरली, सभेला येणारी एक सभासद गमावून.